दाजींच्या गाडीचा खालचा ओठ

माणसाला कसला तरी नाद असावा, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरात नादिष्ट माणूस नसतो, म्हणून त्यांना हे सुचतं. आमच्या घरात होता. आमच्या म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात. पण बहिणीच्या घरचं दुखणं माहेरी पोचायला वेळ लागत नाही. तो नादिष्ट माणूस म्हणजे तिचा नवरा, माझे दाजी.

दाजींचं कनेरगाव नाक्यावर दुकान होतं. हिंगोली-वाशीम रस्त्याच्या कडेला, दोन ढाब्यांच्या मधे, पुढं पत्र्याचं छप्पर आणि मागं राहायच्या दोन खोल्या. विहिरीवरची डिझेल इंजिनं, रस्त्यात बसलेले ट्रक, सायकली, जे दारात येईल ते दुरुस्त करायचे. हातात कसब होतं, ते मी नाकारत नाही. पण कसब हातात आणि अक्कल तिसऱ्याच गावात, अशी त्यांची विभागणी झालेली होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली नुसता तालुका. नाक्यावर दिवसभर उभं राहिलं तरी ट्रक, एसटी, बैलगाड्या आणि एखादी सरकारी जीप, एवढंच दिसायचं. अशा जागी दाजींनी स्पोर्ट गाडी आणली. 'स्पोर्ट' हा त्यांचाच शब्द. एका जुन्या जागीरदाराच्या नातवाकडं तिचं खोकं पडून होतं. निजामाच्या काळात कोणीतरी हौसेनं हैदराबादहून आणलेली, दोनच दारांची, पुढं दोनच माणसं बसतील अशी, ठेंगणी. वरचं कापडी छत उंदरांनी कधीच खाल्लेलं. त्या नातवाच्या विहिरीवरचं इंजिन दाजींनी वर्षभर सांभाळलं आणि मजुरीच्या जागी ही गाडी बैलांना ओढायला लावून घरी आणली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना, तसं. घोडं निदान गवतावर चालतं तरी.

ती चालू व्हायला पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा गेला. झाली, हेही मी नाकारत नाही. ट्रकचं काही, पाण्याच्या इंजिनाचं काही, असं जोडत जोडत ती एकदाची धूर सोडत रस्त्यावर आली. रंग लालभडक दिला होता. उतारावर बरी पळायची. चढावर मात्र तिच्या मागून निघालेली म्हैस तिच्या पुढं जायची आणि वर पोचून मागं वळून बघायची. ढाब्यावरचे ट्रकवाले पोट धरून हसायचे. दाजींना वाटायचं, खुशीनं हसतात.

मी तिथं राहायला गेले त्याचं कारण गाडी नव्हती, ताई होती. ताईला सरकारी नर्सबाईच्या शिक्षणासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात, सकाळी अकराच्या आत हजर राहायचं. निवड झाली तर दीड-दोन वर्षं वसतिगृहात राहून शिकायचं, मग नोकरी. तिची लेक नुकतीच भिंतीला धरून चालायला लागली होती. तिच्याकडं बघायला म्हणून मला सिद्धेश्वरहून पाठवलं. आमचे बाबा तिथल्या धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायचे. शाळेची पायरी त्यांनी स्वतः बाहेरूनच बघितली होती, म्हणून आम्हा दोघी बहिणींना त्यांनी हाताला धरून आत नेऊन बसवलं. ताई शिकत असतानाच चांगलं स्थळ आलं म्हणून तिचं लग्न झालं. चांगलं स्थळ म्हणजे हे, दाजी.

ताईच्या अर्जाला वयाची अट होती. पुढच्या साली ती त्यात बसणार नव्हती. म्हणजे हीच एक संधी, तीही शेवटची. हे ताईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि बाबांनी मुद्दाम नाक्यावर येऊन, बाजेवर बसून दाजींनाही नीट समजावून सांगितलं होतं. सासऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायची दाजींची हिंमत नव्हती. ते म्हणाले, "जाईल की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पर माझी बायको यष्टीच्या गर्दीत धक्के खात जाणार न्हाई. माझ्या गाडीत जाईल. हिंगोलीनं बघितलं पाहिजे."

हिंगोलीनं काय बघायचं, ताईला का गाडीला, ते बाबांनी विचारलं नाही. ते भोळे होते. जावई बायकोला गाडीतून नेतो म्हणतोय, याचंच त्यांना कौतुक वाटलं आणि ते खुशीत गावी परतले.

इथवर ठीक होतं. पण मुलाखत जवळ आली आणि दाजी टायरच्या कामानं हिंगोलीला गेले. तिथल्या टायरच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्यांनी एक चित्र बघितलं. परदेशातली कुठली तरी शर्यतीची गाडी. तिच्या पुढच्या बंपरच्या खाली, या चाकापासून त्या चाकापर्यंत, एक काळी पट्टी होती. जवळजवळ जमिनीला टेकलेली. दुकानदाराला गळ घालून दाजींनी ते पान फाडून आणलं आणि घरात आल्या आल्या माझ्यापुढं धरलं.

"बघ. ही पट्टी. हिच्याबिगर गाडी म्हंजे नुसता डबा."

"काय करती ही पट्टी?"

"गाडी जोरात पळाली का खालून वारा घुसतो अन् गाडीला उचलतो. ही पट्टी वाऱ्याला आडवी येती. मंग गाडी रस्त्याला चिकटून राहती."

"दाजी, तुमच्या गाडीला वारा काहून उचलंल? तिला तर चार माणसं लोटून राहिले तरी ती जागची हलत न्हाई."

"मॅट्रिक झाली म्हणून इंजिन कळाया लागलं व्हय तुला?" असं म्हणून ते बाहेर गेले. आत चुलीपाशी ताई तोंडाला पदर लावून हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते शेवटचं हसणं असावं.

दुसऱ्या दिवसापासून पट्टीचं काम सुरू झालं. गिऱ्हाइकांची इंजिनं उघडी पडली आणि दाजी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद कापत बसले. तो बंपरखाली धरायचा, खडूनं रेघ मारायची, पुन्हा कापायचा. कागद तंतोतंत बसला. जमिनीपासून दोन बोटं वर. शेजारच्या ढाब्यावरचा भटारी चहा घेऊन आला, वाकून बघत म्हणाला, "ओ मिस्त्री, हिचा खालचा ओठ लोंबून राहिला की." झालं. तेव्हापासून नाका त्याला ओठच म्हणू लागला. दाजींना राग आला, पण आठवडाभरात त्यांच्याही तोंडात तोच शब्द बसला.

आता पत्रा हवा होता. दुकानात पडलेला पत्रा गंजका. वाकवला की कडकन तुटायचा. दाजींनी तो फेकून दिला आणि त्यांची नजर घरात वळली. घरात ताईची कोठी होती. धान्य ठेवायची, जस्ताच्या जाड पत्र्याची, माझ्या आईनं रुखवतात दिलेली. ती कोठी बनवून घ्यायला आई स्वतः औंढ्याला जाऊन कारागिरापाशी दिवसभर बसली होती. त्या घरात ताईची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. मी लेकराला घेऊन विहिरीवर गेले होते. परत येऊन बघते तर कोठीतली सगळी ज्वारी तरटावर ओतलेली, आणि कोठी अंगणात आडवी पाडून दाजी तिला कात्रीनं उभी चिरत होते. बाजूला ताई उभी होती. कापताना हलू नये म्हणून पत्रा तिनंच धरून ठेवला होता.

मला तेव्हा मनस्वी संताप आला. घरात नाही दाणा अन् मला हवालदार म्हणा, ही म्हण मी ऐकून होते. इथं घरात दाणा होता. तो उंदरांना घालून हवालदारकी चालली होती.

"ताई, तू काहून धरून राहिली?" मी म्हणाले.

"धरला न्हाई तर वाकडा कापतील," ताई म्हणाली. "मंग दुसरा पत्रा शोधतील. लवकर होऊ दे. ओठ झाल्याबिगर हे गाडी काढायचे न्हाईत."

म्हणजे तिनं सगळा हिशेब आधीच मनात करून ठेवला होता. कोठी गेली तर गेली, मुलाखत राहिली पाहिजे. मला मात्र हा हिशेब तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

पुढं पत्रा रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकणं सुरू झालं. सकाळी ठोक, दुपारी ठोक. लेकरू झोपेतून दचकायचं. खालच्या कडेत तार घालून ती बादलीच्या काठासारखी वळवली. चित्रात पट्टी थोडी पुढं आलेली होती, म्हणून दाजींनीही तिचा तळ पुढं काढला. शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग दोन वेळा दिला. लोखंडी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी ती गाडीच्या सांगाड्याला खालून आवळायची होती. त्यासाठी दाजी तासन् तास गाडीखाली आडवे असायचे.

गाडीखालून फक्त त्यांचा हात बाहेर यायचा, तळवा वर करून. "पाना दे." एवढंच. ताई भाकरी थापत असली तरी हात पुसून बाहेर यायची, पान्यांच्या ढिगातून बरोबर तोच पाना उचलायची आणि त्या तळव्यावर ठेवायची. मूठ मिटायची आणि हात आत जायचा. कुठल्या नटाला कुठला पाना लागतो हे तिला न सांगता कळायचं, आणि तिला ते कळतं हे दाजींना कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, हात बाहेर काढला की पाना येतोच.

मधल्या वेळात मी तिची तयारी घ्यायची. माझ्या हातात तिचं पुस्तक, कडेवर लेकरू.

"ताई, जखम बांधायच्या आधी काय करायचं?"

"आपले हात साबणानं धुवायचे. मंग उकळून गार केलेल्या पाण्यानं—"

"पाना दे."

ताई उठायची, द्यायची, परत यायची. "उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम साफ करायची." तिला सगळं पाठ होतं. आमच्या गावातल्या बायकांची बाळंतपणं तिनं आईबरोबर जाऊन लहानपणापासून बघितली होती. पुस्तकात होतं त्याच्यापेक्षा जास्तच तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं. फक्त कुणी सलग ऐकून घेत नव्हतं.

ओठ बसला. दाजींनी वाशीमच्या बाजूला एक चक्कर मारून आणली. परत आले तेव्हा ओठात शेणाचा एक पो, उसाची चिपाडं आणि कुणाची तरी एक चप्पल होती. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान मावत नव्हतं.

"बघितलं? बराबर चिकटून राहिली रस्त्याला."

"दाजी, तो ओठ रस्त्यावरचं सगळं खाऊन राहिला," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. फडक्यानं शेण पुसत बसले.

त्या दिवशी ताईनं एकदाच विचारून बघितलं. ती बोलायची ती नेहमी खालच्या आवाजात, पण त्या दिवशी आवाज आणखी खाली होता. "अहो, मी यष्टीनं जाऊ का? तुमी मागून गाडी घेऊन या. परत येताना तुमच्या गाडीत बसते."

दाजींनी फडकं खाली टाकलं. "मंग जाऊच नको. एवढी तकलीफ कुणासाठी करून राहिलो मी?"

कुणासाठी, ते मी सांगू शकले असते. पण ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मी लेकराला घेऊन आत गेले.

मुलाखतीच्या दिवशी ताई पहाटेच उठली. निळ्या काठाचं पांढरं पातळ तिनं आदल्या दिवशी खळ घालून, तांब्यात निखारे भरून इस्त्री केलं होतं. केस घट्ट बांधले. लेकीला खाऊ घातलं. उंबऱ्यात उभी राहून ती वाट बघू लागली, आणि दाजी रॉकेलच्या फडक्यानं ओठ चमकवत होते. पहिली एसटी आली, नाक्यावर थांबली, माणसं चढली, गेली. ताईनं तिला जाताना बघितलं. आता मागून एकच एसटी अशी होती की जी अकराच्या आत हिंगोलीला पोचली असती.

शेवटी निघालो. पुढं दाजी आणि ताई, आणि मागच्या अडचणीच्या जागेत, पान्यांच्या पेटीवर, मी लेकराला मांडीवर घेऊन. वर छत नाही. फाल्गुनातलं ऊन सकाळीच डोक्यावर आलेलं. ढाब्यावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. दाजींनी हात हलवला, जसं काही गावानं निवडून दिलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या भागात डांबरी रस्ता झाला तेव्हापासून लोकांना आयतं खळं मिळालं. करडी, हुलगे, तूर, जे काढलं असेल ते आणून रस्त्यावर पसरायचं आणि झाडाखाली बसून राहायचं. ट्रक, एसटी त्यावरून जातात, चाकांखाली बोंडं फुटतात, मळणी होते. दुपार कलली की काटक्या उचलायच्या, दाणे झाडून घ्यायचे, वाऱ्यावर उफणायचे. कुठल्याही ड्रायव्हरला याचा राग येत नाही. दाजींच्या दुकानासमोर तर दरवर्षी हुलगे पसरलेले असायचे. म्हणजे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. जन्म गेला होता त्यांचा असल्या रस्त्यावर.

नाका मागं पडला आणि पुढं रस्त्यावर करडी पसरलेली दिसली. चांगली लांबवर, गुडघ्याएवढी जाड, काट्यांनी भरलेली. बाजूच्या बाभळीखाली एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. ताई म्हणाली, "अहो, जरा हळू."

"उलट जोरात न्यावं लागतं. मळणी चांगली होती. तिचं बी काम होऊन जाईल," दाजी म्हणाले, आणि त्यांनी गाडी पळवली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं भलं करायची त्यांना बुद्धी झाली, तीही नेमकी त्या दिवशी.

चाकांखाली करडी कडकड फुटते, तो आवाज आलाच नाही. त्याऐवजी खालून खराखरा असा घासल्याचा आवाज आला आणि पुढं करडीचा ढीग वाढू लागला. बंपरएवढा झाला, बॉनेटएवढा झाला, मग काचेवर आला. वाऱ्याला अडवायला केलेल्या ओठानं म्हातारीची सगळी करडी फावड्यानं ओढावी तशी गोळा करून घेतली होती. गाडीनं दोन आचके दिले आणि ती कडेला बंद पडली. मागं वळून बघितलं, तर रस्त्याचा आमच्या बाजूचा पट्टा झाडून घेतल्यासारखा स्वच्छ होता.

म्हातारी काठी टेकत आली. आधी ढिगाकडं बघितलं, मग गाडीकडं, मग दाजींकडं.

"का रे बाबा, मी करडी मळायला टाकली व्हती. गोळा कराया तुला कुणी बोलावलं?"

"आजी, थांब जरा, माझी गाडी बघू दे."

"तुझी गाडी बघू? अन् माझी करडी कोण पसरंल पुन्हा? तुझा बाप?"

गाडीच्या पोटातून वाफ येत होती. पाणी गार करायच्या जाळीत करडीच्या काटक्या घुसून बसल्या होत्या. दाजी खाली उतरले. मला वाटलं, आता ताईला काहीतरी म्हणतील. ते गुडघ्यावर बसले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "अरारा. ओठ वाकला."

ताई उतरली होती. पांढऱ्या पातळाचा पदर खोचून ती दोन्ही हातांनी करडी ओढून काढू लागली. करडी ज्यानं काढली आहे त्याला ठाऊक आहे तिचा काटा काय असतो. लोक हाताला फडकी गुंडाळून काढतात. ताई उघड्या हातांनी काढत होती. मी लेकराला कडेवर घेऊन एका हातानं जमेल तेवढं ओढत होते. दाजी पेटीतून हातोडी आणि एक पाना घेऊन गाडीखाली गेले.

"दाजी, जाळीतलं आधी काढा, म्हंजे गाडी चालू होईल," मी म्हणाले.

"थांब गं. आधी ओठ सरळ करू दे. असा वाकडा ओठ घेऊन हिंगोलीत जाऊ व्हय?"

ताई थांबली. हातातली करडी तिनं खाली टाकली. वाकून तिनं गाडीखाली विचारलं, "अहो, किती येळ लागंल?"

"लागंल तेवढा लागंल."

"मुलाखत आहे माझी."

हातोडीचे दोन ठोके ऐकू आले. मग आतून दाजी म्हणाले, अगदी साध्या आवाजात, रागानं सुद्धा नाही, "आता न्हाई जमलं तर पुढच्या साली दे. ओठ असा पुन्हा न्हाई व्हायचा."

मी ताईच्या तोंडाकडं बघत होते. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग आला असंही मी म्हणणार नाही. एखाद्याचा पत्ता बराच वेळ शोधावा आणि तो माणूस तिथं राहतच नाही हे कळावं, तसं काहीतरी तिच्या तोंडावर दिसलं. मग ती सरळ उभी राहिली आणि तळहातातला एक काटा दातांनी काढून तिनं थुंकून टाकला.

लांबून हॉर्न वाजला. नाक्याकडून एसटी येत होती. म्हातारी म्हणाली, "बाई, यष्टी येऊन राहिली. कुठं जायचं तुला?"

"हिंगोलीला," ताई म्हणाली. पदर सोडला, झटकला, पुन्हा नीट घेतला. लेकीच्या गालाला हात लावायला गेली आणि काटे टोचतील म्हणून मागं घेतला. मला म्हणाली, "हिला उन्हात धरू नको." आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन तिनं हात वर केला. माझी ताई, जी चारचौघांत मोठ्यानं बोलायची नाही, ती डांबरी रस्त्यावर अशी उभी होती की एसटीला थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. ताई चढली, आणि खिडकीतून सुद्धा तिनं गाडीकडं बघितलं नाही. ड्रायव्हरनं आमचा ढीग वळसा घालून चुकवला आणि पलीकडच्या बाजूला जी करडी शिल्लक होती तिच्यावरून बस नेली. काय कडकड आवाज झाला! म्हातारी खूश झाली. "याला म्हंतेत गाडी," ती म्हणाली.

ताई वेळेत पोचली. हातांत काटे आणि पदराला करडीचा भुसा, अशीच ती मुलाखतीला बसली. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हाताला काय झालं. ताईनं सांगितलं, आणि काटा निघाल्यावर जखम कशी धुवायची तेही न विचारता सांगितलं. या वेळी तिला मधे कुणी उठवलं नाही. तिची निवड झाली. लेक माझ्याकडं सिद्धेश्वरला वाढली, आणि नोकरी लागल्यावर ताईनं पहिली वस्तू घेतली ती जस्ताच्या पत्र्याची कोठी. ती तिच्या सरकारी खोलीत राहिली, नाक्यावर गेली नाही. दाजी पुढं बऱ्याच जणांना सांगायचे की बायकोला आपणच शिकवली, स्वतःच्या गाडीतून मुलाखतीला नेली. लोक माना डोलवायचे. मी एकदाही डोलवली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी एसटी वळणाआड गेली तेव्हा मी लेकराला घेऊन बाभळीच्या सावलीकडं निघाले होते. म्हातारी करडी पुन्हा पसरायला लागली होती आणि तोंडानं दाजींच्या सात पिढ्यांची विचारपूस चालू होती. गाडीखाली ठोकाठोक चालूच होती. एसटी येऊन गेली, तिच्यात कोण चढलं, यातलं काहीच तिथं पोचलं नव्हतं. मग ठोके थांबले आणि गाडीखालून हात बाहेर आला. काळा, तेलकट, तळवा वर.

"पाना दे."

मी उभी राहिले.

"अगं, दे की. बारा नंबरचा."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी वाकून करडीचं एक चांगलं वाळलेलं, चारी बाजूंनी काटे असलेलं बोंड उचललं आणि हळूच त्या तळव्यावर ठेवलं. दाजींनी सवयीनं मूठ मिटली.